प्रकल्प एकीचा, फाइल तिघींची

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतून हे पत्र आलं आहे. लिहिणारी मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, वडील ट्रॉलरवर खलाशी. नाव छापू नका असं तिने कळवलं आहे. पत्र मोठं आहे, मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते:

‘ताई, अर्थशास्त्राच्या प्रकल्पाला मी “मासेमारी बंदीच्या काळात खलाशी कुटुंबांचा घरखर्च” हा विषय घेतला. जुलैत पावसातून फिरून आमच्या वाडीतल्या आणि हर्णै बंदरावरच्या बायकांशी बोलले, सगळं वहीत उतरवलं. जमा करायच्या आदल्या रात्री मैत्रिणीचा फोन आला. तिची आई आजारी होती, तिचं काहीच लिहून झालं नव्हतं. “फक्त बघायला दे” म्हणाली. मी पीडीएफ पाठवली. तिने पहिलं पान बदलून तीच जमा केली, आणि ती आणखी एका मुलीकडेही गेली. आता सरांनी तिघींचे गुण राखून ठेवलेत आणि सोमवारी भेटायला बोलावलंय. या विषयाचे ४० गुण अंतर्गत आहेत. मी तिला नाही कसं म्हणणार होते? तिच्या घरी घावणे खाऊन मी शाळेत गेलेय. माझी चूक काय?

दुसरं, पहिली दोन प्रकरणं, म्हणजे प्रस्तावना आणि पार्श्वभूमी, मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतली, थोडं नेटवरच्या इंग्रजी लेखांचं भाषांतर केलं. हे सरांना अजून कळलेलं नाही. सांगू का? आणि फाइल रात्री ११:५९ च्या आत अपलोड करायची होती. आमच्याकडे लाइट गेलेली, सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, जाऊन रेंज मिळेपर्यंत १२:२० झाले. त्याचे वेगळे गुण कापणार म्हणतात, हा न्याय आहे का? शेवटचं, हाच प्रकल्प भूगोलाच्या असाइनमेंटला दिला तर चालेल का?’

प्रिय मुली,

पत्रासोबत तू प्रकल्पाची फाइलही पाठवलीस, त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. तुझं तिसरं आणि चौथं प्रकरण मी सावकाश वाचलं. मे संपता संपता नौकामालकाकडून घेतलेली उचल, वाण्याकडची उधारी आणि ती नारळी पौर्णिमेनंतर फेडायची बोली, बचत गटाचा हप्ता चुकू नये म्हणून विकलेलं सुकं, लावणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतावर गेलेली बाईमाणसं, हे सगळं तू बघून, विचारून, आकडे मांडून लिहिलं आहेस. एका घराचा खर्च दुसऱ्या घराशी जुळत नाही तेव्हा तू तो ओढूनताणून जुळवला नाहीस, का जुळत नाही ते लिहिलंस. तिसऱ्या वर्षाच्या मुलीने असं काम केलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. म्हणून हे उत्तर थोडं कडक वाटलं तरी ते तुझ्या बाजूने लिहिलंय असं समज.

तुझ्या फाइलच्या दुसऱ्या पानावर प्रतिज्ञापत्र आहे. ‘सदर प्रकल्प मी स्वतः केला असून…’ असं सुरू होणारं. झेरॉक्सच्या दुकानात तो मजकूर तयारच मिळतो, वर्गातल्या सगळ्यांच्या फाइलमध्ये तोच असतो, आणि म्हणून ते पान कुणी वाचत नाही. पण सरांची सगळी विचारणा त्या एका पानावर उभी आहे. त्याच्यापुढे प्रमाणपत्राचं पान येतं, त्यावर सरांची आणि विभागप्रमुखांची सही असते. तू सांगतेस की काम माझं आहे, त्या सांगण्यावर विसंबून ते सांगतात की काम हिचं आहे, आणि मग ते गुण निकालपत्रात जातात. असाइनमेंटचे जे काही नियम आहेत, नक्कल नको, संदर्भ द्या, मदत घेतली असेल तर लिहा, वेळेत द्या, ते सगळे या सहीला खरं ठेवण्यासाठी आहेत. हे डोक्यात पक्कं बसलं की कुठला नियम कुठे लागू होतो ते तुझं तुलाच कळेल.

आता मैत्रिणीचं.

तू तिला मदत केलीस यात चूक नाही. चूक आहे ती काय दिलंस आणि केव्हा दिलंस यात. जमा करायच्या आदल्या रात्री, जिचं एक पानही लिहून झालेलं नाही तिच्या हातात पूर्ण झालेली फाइल गेली, तर तिचं ती काय करणार, हे तुला त्या क्षणी मनातून कळलं असणार. ‘फक्त बघायला’ म्हणजे काय हे आपल्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तिची गरज फाइलची नव्हतीच. तिची आई आजारी होती. तिला चार दिवस वाढवून हवे होते, आणि ते मिळण्यासारखं तिचं कारण होतं. ते कारण सरांपर्यंत पोहोचायला हवं होतं. तुझी फाइल मिळाली आणि ते बोलायची गरजच उरली नाही. आज सरांच्या दृष्टीने ती आजारी आईची मुलगी नाही, नक्कल केलेली मुलगी आहे. तुझ्या मदतीने तिचं नुकसान झालं, हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणताना तुला जड जाऊ नये म्हणून सांगते.

तिच्या घरच्या घावण्यांचं ऋण फेडायचे दुसरे रस्ते त्या रात्रीही होते. तिच्या वतीने तू वर्गप्रतिनिधीला फोन करू शकत होतीस. सरांना पाठवायचा मेसेज तिच्याबरोबर बसून लिहू शकत होतीस. तुझी प्रश्नावली तिला देऊ शकत होतीस, कारण प्रश्न दिले तरी उत्तरं तिला स्वतः आणावी लागली असती. कोणत्या घरी संध्याकाळी गेलं की बाई मोकळी भेटते, आकड्यांचा तक्ता कसा मांडायचा, संदर्भ कसे लिहायचे, हे सगळं सांगता आलं असतं. अभ्यासाबद्दल बोलावं, भांडावं, एकमेकींचं वाचून चुका दाखवाव्यात. ते सगळं चालतं, चालायलाच हवं. लिहिलेली पानं मात्र हातची सोडायची नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, जी तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि मला ती सगळ्यात जास्त लागली. तुझ्या परिशिष्टात मुलाखत दिलेल्या बायकांची नावं आहेत, वाडीसकट. कुणावर किती उधारी, कुणाचा दागिना गहाण आहे, कुणाच्या घरात उचलीचे पैसे दारूत गेले, हे त्यांनी तुला सांगितलं, कारण तू त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर आहेस. त्यांनी ते तुझ्या वर्गाला सांगितलं नव्हतं. आता ती फाइल निदान दोन फोनमध्ये आहे, पुढे कुठे गेली असेल सांगता येत नाही, आणि ज्या दुसऱ्या मुलीला तू नीट ओळखतही नाहीस तिच्या नावाने ती कॉलेजच्या नोंदीत गेली आहे. सोमवारच्या आधी दोघींना सांग की फाइल फोनमधून काढून टाका आणि ज्यांना पाठवली असेल त्यांनाही सांगा. सरांना विनंती कर की त्या दोन प्रती कुणाला दाखवू नयेत. आणि नव्या प्रतीत नावं काढ. ‘मासेविक्रेती, वय अंदाजे ५०, हर्णै बंदर’ आणि मुलाखतीची तारीख एवढं पुरतं. खरी नावं आणि क्रमांक एका वेगळ्या कागदावर तुझ्याजवळ ठेव, सरांनी खात्री करायला मागितला तर त्यांना दाखव. ज्या बाईचं सगळ्यात जास्त खाजगी त्यात आहे तिच्या घरी जाऊन तिला झालेला प्रकार सांग. जड जाईल. पण बंदी पुढच्या वर्षीही येणार आहे, आणि तुझ्यामागून कुणी मुलगी वही घेऊन त्याच दारात उभी राहील.

प्रकल्प मुळात तुझा आहे हे सिद्ध करणं अवघड नाही. मुलाखतींची वही घेऊन जा. पावसाचे डाग आणि खाडाखोड असली तरी तशीच ने, नवी वही लिहून काढायच्या फंदात पडू नकोस. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असशील तर फाइलच्या आधीच्या आवृत्त्या तारीखवेळेसह दिसतात, त्या दाखव. बंदरावर काढलेले फोटो असतील, त्यांच्यावरही तारीख असते. मैत्रिणीला पीडीएफ पाठवल्याचा मेसेज असेल, तो पुसू नकोस. आणि सरांनी तक्त्यातल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवून ‘हा कुठून आला’ विचारलं तर तू त्या घरातल्या चुलीपर्यंत सगळं सांगू शकशील. बाकी दोघींना ते जमणार नाही. तोंडी परीक्षा त्यासाठीच असते.

पण याच ठिकाणी तुझा दुसरा प्रश्न आडवा येतो. सर तिसऱ्या प्रकरणाऐवजी पहिल्यावर बोट ठेवतील तेव्हा?

तुझ्या पहिल्या प्रकरणाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं आहे की बंदीचा काळ १५ एप्रिल ते १४ जून असतो. मुली, ती पूर्व किनाऱ्याची बंदी आहे, बंगालच्या उपसागराच्या बाजूची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ती १ जून ते ३१ जुलै असते. दिवस दोन्हीकडे ६१ च, तारखा वेगळ्या. तुझ्या वडिलांचा ट्रॉलर मे अखेरीस किनाऱ्याला लागतो हे तुला कुठल्याही यंत्राला विचारावं लागत नाही. तुझ्याच तिसऱ्या प्रकरणातली सगळी उचल मे अखेरची आहे. पुढे लिहिलंय की या काळात ‘सर्व प्रकारची मासेमारी पूर्णपणे बंद असते’. तेही बरोबर नाही. बंदी यांत्रिक नौकांना असते, बिगर यांत्रिक होड्यांना सूट असते, आणि तुझ्या चौथ्या प्रकरणात खाडीत होडी घालणाऱ्या एका घराचा खर्च बाकीच्यांपेक्षा वेगळा का येतो याचं कारण नेमकं हेच आहे. तू टोपलीत ताजी मासळी खाली ठेवलीस आणि शिळी वर. या किनाऱ्यावर राहणारा कुठलाही सर पहिलं पान वाचून टोपली परत करेल.

चॅटजीपीटीसारखी साधनं ठाम भाषेत लिहितात. खरं असो, अर्धवट असो, सूर तोच. कधीकधी नसलेल्या पुस्तकांची नावंही ती संदर्भ म्हणून देतात. तुझ्या संदर्भसूचीतली दोन पुस्तकं मला तशीच वाटली. ती तू हातात धरलेली नाहीस हे मात्र नक्की, नाहीतर प्रकाशकाचं नाव आणि पान क्रमांक तू लिहिले असतेस. ती सोमवारच्या आधी काढ. न वाचलेलं पुस्तक संदर्भसूचीत घालणं हे खोटी सही करण्यासारखंच आहे, मग ते पुस्तक खरं असलं तरी.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, सांग. सोमवारी त्यांनी विचारण्याआधी, स्वतःहून. नाही सांगितलंस तर तुझी चांगली प्रकरणंही संशयात जातील. तीन फाइल्स समोर घेऊन बसलेले सर ‘मूळ कुणाची’ हे ठरवत असताना तुझ्या दोन प्रकरणांत उसनं सापडलं, तर तू तिसरं स्वतः लिहिलंस यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

भाषांतराबद्दल मुद्दाम थोडं जास्त बोलते, कारण मराठी माध्यमातून लिहिणाऱ्या मुलांमध्ये हा गैरसमज फार खोलवर आहे. इंग्रजी लेख मराठीत आणला, वाक्यं आपण जुळवली, डोकं आपलं लागलं, म्हणजे तो आपला झाला असं वाटतं. मेहनत झाली हे खरंच. पण विचार, मांडणी, आकडे, दाखले दुसऱ्याचे आहेत. भाषांतर केलंस तर ‘अमुक लेखाच्या आधारे’ असं त्याच ठिकाणी लिही, आणि शेवटी लेखकाचं नाव, वर्ष, लेखाचं शीर्षक, कुठे छापला, संकेतस्थळ असेल तर पत्ता आणि तू पाहिल्याची तारीख दे. नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषांतर सहसा सापडत नाही, हे मुलांना माहीत असतं आणि त्याच भरवशावर ती असतात. पण प्रतिज्ञापत्र तू सॉफ्टवेअरला लिहून दिलेलं नाहीस.

याच संदर्भात तू पत्रात एका ओळीत लिहिलंस की ‘दहा टक्क्यांपर्यंत चालतं असं सगळे म्हणतात’. हा आकडा कुठून येतो ते सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्याबद्दलचे विनियम काढले. प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, सुधारून द्यायचं. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. हे प्रबंध, लघुप्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहे. तुझ्या बी.ए.च्या असाइनमेंटचा निर्णय कॉलेज आणि विषयाचे सर घेतात. आणि ते १० टक्के म्हणजे चोरीची मुभा मुळीच नाही. त्याच विनियमांत वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून पुढे करणं, असं सांगितलं आहे, तिथे टक्केवारी नाही. साम्य मोजताना अवतरणचिन्हांत, संदर्भ देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्याची कलमं, प्रमाणित सूत्रं हे सगळं वगळतात. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाने जुळणारंही वगळतात. एवढं वगळूनही जे उरतं, त्यातल्या थोड्याशा साम्यासाठी कुणाला शिक्षा होऊ नये, एवढाच त्या १० टक्क्यांचा अर्थ. या विनियमांतही विद्यार्थ्याने काम स्वतःचं असल्याचं लेखी द्यावं लागतं. तुझ्या दुसऱ्या पानासारखंच.

सरांना भेटायला जाताना तोंडी सांगण्याआधी एक अर्ज लिहून ने. बोलताना घसा दाटतो, मुद्दे राहतात, रडू येतं. कागद बरा. मी असा लिहिला असता:

‘मा. सर, सोमवारच्या भेटीआधी माझ्या प्रकल्पाबद्दल पुढील गोष्टी आपणांस सांगायच्या आहेत. प्रकरण ३ व ४ आणि निष्कर्ष मी जुलैमध्ये घेतलेल्या मुलाखतींवरून स्वतः लिहिले आहेत. मुलाखतींची वही आणि फाइलच्या आधीच्या प्रती सोबत आणल्या आहेत. प्रकरण १ व २ मधील मजकूर मी चॅटजीपीटीकडून लिहून घेतला आणि काही भाग इंग्रजी लेखांवरून भाषांतरित केला. त्याचा उल्लेख केला नाही. त्यात बंदीच्या तारखाही चुकल्या आहेत. पूर्ण झालेली फाइल मी आदल्या रात्री वर्गातील एका मुलीला पाठवली. ती पुढे कशी गेली याची मला प्रत्यक्ष माहिती नाही. या दोन्ही गोष्टी माझ्याकडून चुकीच्या झाल्या. पहिली दोन प्रकरणे नव्याने लिहून देण्याची संधी मिळावी, ही विनंती.’

शेवटी ‘आपण द्याल तो निर्णय मला मान्य असेल’ हे वाक्य मुलं सवयीने घालतात. तू घालू नकोस. निर्णय अजून ऐकलेला नाही, तो मान्य कसा करायचा? मैत्रिणीच्या आईच्या आजाराचं कारणही अर्जात घालू नकोस, ते सांगायचा हक्क तिचा. तिसऱ्या मुलीबद्दल जे तू पाहिलं नाहीस ते बोलू नकोस. आधी मैत्रिणीला भेट, हा अर्ज तिला वाचून दाखव, म्हणजे तिला वर्गात सरांच्या तोंडून कळणार नाही. तिलाही तिचा अर्ज लिहायला सांग. ती तुझ्याबरोबर आली तर फार बरं. नाही आली तरी तू जा.

निकाल काय लागेल? पहिल्या दोन प्रकरणांचे गुण बहुधा जातील, फाइल पाठवल्याचेही काही कापले जातील. ते स्वीकार. पण मूळ काम करणारी आणि पहिलं पान बदलणारी यांना सारखाच शून्य देऊन विषय मिटवला, आणि तुमचं ऐकूनही घेतलं नाही, तर ते मला पटणार नाही. गुण राखून ठेवणं योग्य आहे, चौकशी होईपर्यंत दुसरं काय करणार. शिक्षा मात्र ज्याच्या त्याच्या कृतीइतकी हवी. तसं झालं नाही तर आधी विभागप्रमुखांना भेट, मग प्राचार्यांना. त्यापुढे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ती असायलाच हवी, मूल्यमापन अन्यायकारक झाल्याची तक्रार तिच्याकडे नेता येते, आणि तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पण तिथे जायची वेळ येणार नाही असं मला वाटतं. तुझे सर चिडलेले असतील, पण त्यांनी एकदम शून्य न देता भेटायला बोलावलं आहे.

उशिराचं थोडक्यात. लाइट तुझ्या हातात नव्हती, ११:५९ ची मुदत मात्र तुला कधीपासून माहीत होती. सप्टेंबर अखेरीच्या पावसात किनाऱ्यावरच्या वाडीतून शेवटच्या तासाला अपलोड करायचं ठरवणं हा धोका तू घेतलास. कॉलेजच्या संगणकावरून त्या दिवशी दुपारीच फाइल चढवता आली असती. तरीही वीस-एकवीस मिनिटांसाठी जबर गुण कापणं बरोबर नाही, विशेषतः उशीर झाल्यास किती कापणार हे आधी सांगितलं नसेल तर. सरांना विचार की तो नियम कुठे लिहून दिला होता. नम्रपणे विचार, पण विचार. महावितरणचा लाइट गेल्याचा मेसेज आला असेल तर तो दाखव. पुढे असं होतंय दिसलं की मुदत संपण्याआधी साधा एसएमएस तरी पाठवत जा: ‘सर, वाडीत लाइट नाही, फाइल तयार आहे, रेंज मिळताच चढवते.’ बाराच्या आधी आलेल्या अशा मेसेजवर सर सहसा विश्वास ठेवतात. बारानंतर आलेला तोच मेसेज त्यांना बहाणा वाटतो.

इथे दोन ओळी हे सदर वाचणाऱ्या प्राध्यापकांसाठी. या मुलीच्या वर्गाला सत्राच्या सुरुवातीला नियमांचा कागद मिळालेला नाही, हे तिच्या पत्रावरून दिसतं. चॅटजीपीटी वापरायचं की नाही, वापरलं तर कशासाठी आणि ते कसं नोंदवायचं, मैत्रिणींशी कुठपर्यंत चर्चा चालेल, उशिराचे किती गुण जातील, अडचण आली तर कुणाला कळवायचं, हे एका पानावर, मराठीत, विषय देतानाच हातात द्या. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या वाड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइनबरोबर कॉलेजात कागदी प्रत द्यायची सोय ठेवा, आणि मुदत मध्यरात्रीऐवजी दुपारी चारची ठेवा. त्यात कुणाचंच नुकसान नाही. तुमच्या घरात वाय-फाय असेल, त्यांच्याकडे सड्यावरचा एक कोपरा आहे.

पहिली दोन प्रकरणं पुन्हा लिहिशील तेव्हा ती छोटी लिही. तुला आठ पानांची पार्श्वभूमी लागतच नाही, दीड पान पुरे. बंदीच्या तारखा मत्स्यव्यवसाय विभागाच्या आदेशातून घे, आदेशाचा क्रमांक आणि दिनांक तळटीपेत दे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा आदेश चालतो, त्यापलीकडे केंद्राचा, हे एका वाक्यात येऊ दे. राज्याचा कायदा १९८१ चा आहे, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, तो मुळातून चाळ. बंदी का असते, म्हणजे माशांच्या प्रजननाचा काळ आणि खवळलेला समुद्र, हे तर वाडीतलं पोरही सांगेल, पण तू त्याला लेखी आधार दे. मग तुझ्या वाडीत किती यांत्रिक नौका, किती होड्या, बंदीत किती घरांचं उत्पन्न थांबतं, हे तुझ्याच वहीतून घे. एवढी पार्श्वभूमी आली की तिसरं प्रकरण आपोआप तिच्याखाली बसतं. भाषा सुधारून घ्यायला एखाद्याला वाचायला दिलंस किंवा शुद्धलेखन यंत्राकडून तपासलंस, तर सरांना आधी विचारून ऋणनिर्देशात तसं लिही. यात कमीपणा काही नाही.

आणि भूगोलाचं. तोच प्रकल्प जसाच्या तसा दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही, काम तुझंच असलं तरी. एका कामाचे गुण दोनदा घेतल्यासारखं होतं. पण त्याच वहीतून भूगोलाला नवं काम उभं राहू शकतं. खाडीच्या मुखाशी नौका कुठे लागतात, गाळामुळे ती जागा कशी सरकली, बंदीत होड्या कुठवर जातात, याचा नकाशा आणि त्यावर सात-आठ पानं. हे अर्थशास्त्राच्या प्रकल्पात नाही. सोमवारचं संपलं की त्याच आठवड्यात भूगोलाच्या सरांना भेट आणि सांग की मुलाखती मी अर्थशास्त्रासाठी घेतल्या होत्या, त्यातली काही माहिती इथे वापरायची आहे, चालेल का. ते हो म्हणाले तर पहिल्या पानावर तसं लिही. नाही म्हणाले तर वेगळा विषय घे, दिवाळीपर्यंत वेळ आहे असं तू लिहिलंस.

तुझी,
ताई